विमानाच्या नाकावरचे भोक

एक्स्प्रेस गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, की वारा तो मागे ढकलतो. ताशी शंभर किलोमीटरला एवढा जोर, तर ताशी तीनशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानासमोर केवढा असेल! मग विमानाच्या नाकावर एक मोठे भोक ठेवावे, त्याला नळी जोडून ती थेट इंजिनापर्यंत न्यावी, म्हणजे वाराच हवा आत कोंबेल आणि इंजिनाची ताकद फुकटात वाढेल. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचे विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना हा विचार हटकून सुचतो.

हिशेब मांडला की उत्तर निराळे निघते. वाऱ्याकडून मिळणारा फायदा चार टक्क्यांच्या आसपास असतो. नळी चुकीच्या जागेतून नेली, तर जवळजवळ त्याच्या दुप्पट नुकसान होते. म्हणून हवेच्या या वाटेची, म्हणजे इनटेकची, रचना करताना हवा कोंबण्यापेक्षा ती वाटेत न बिघडवणे महत्त्वाचे असते. वाटेचा प्रत्येक टप्पा नजरेखालून घातला की हे पटते. त्यासाठी रोटरी इंजिनाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यात झडपा नाहीत आणि हवेचे वागणे सरळ दिसते.

१.३ लिटरचे इंजिन, सहा लिटरची भूक

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि हवा आत घ्यायला, धूर बाहेर सोडायला झडपा उघडतात-मिटतात. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिल्यांदा चालले, त्यात यातले काहीच नव्हते. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत घासत राहतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो आणि लहान होतो. मोठा होताना तो हवा ओढतो, लहान होताना ती दाबतो. मग ठिणगी पडून मिश्रण पेटते, कप्पा पुन्हा फुगतो आणि शेवटी धूर बाहेर लोटला जातो. हवा आत येण्याची आणि धूर जाण्याची भोके, म्हणजे पोर्ट, रोटर फिरता फिरता स्वतःच उघडतो आणि झाकतो. (पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत सगळे सिलिंडरच गरगर फिरत. त्यांनाही रोटरीच म्हणत, पण ते यंत्र वेगळे.)

जपानच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी मोटार बाजारात आणली आणि १९७८ मध्ये आरएक्स-७. या घराण्यातले दोन रोटरांचे ‘१३बी’ इंजिन अमेरिकेतल्या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या हाती पडले. जुन्या मोटारीतून ते स्वस्तात मिळे, आकाराने आटोपशीर होते आणि हलणारे भाग मोजकेच होते. अमेरिकी नियमांत विमानाचे निम्म्याहून अधिक बांधकाम हौशी माणसाने स्वतः केले, तर त्याला प्रायोगिक वर्गात परवाना मिळतो आणि त्यात मोटारीचे इंजिनही चालते. आपल्याकडे कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ही हौस मराठी वाचकांना परिचयाची झाली. २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात त्यांचे विमान लोकांनी पाहिले.

१३बीचे आकारमान कागदावर १,३०८ घनसेंटिमीटर, म्हणजे साध्या मोटारीएवढे. पण ते हवा किती पिते? रोटर फिरवतात तो दांडा एकदा फिरला, की प्रत्येक रोटरचा एक कप्पा भरतो. म्हणजे दर फेऱ्याला १.३ लिटर. विमानात हे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात आणि मध्ये गिअरबॉक्स बसवून प्रॉपेलरचा, म्हणजे पंख्याचा, वेग दोन-तीन पटींनी उतरवतात. ६,००० गुणिले १.३ केले, की मिनिटाला सुमारे ७,८५० लिटर हवा होते.

आता छोट्या विमानांत सर्रास दिसणारे लायकमिंग ओ-३६० हे पिस्टन इंजिन घ्या. त्याचे आकारमान ५.९ लिटर, शक्ती १८० अश्वशक्ती, फेरे मिनिटाला २,७००. चार फटक्यांच्या पिस्टन इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच सिलिंडर भरतो. हिशेब केला की मिनिटाला सुमारे ८,००० लिटर येतात. मोटारीतले १.३ लिटरचे इंजिन आणि विमानाचे सहा लिटरचे इंजिन यांची भूक जवळजवळ सारखी! म्हणून ‘इंजिन लहान, तर नळीही लहान चालेल’ हा पहिला अंदाजच फसतो.

वाऱ्याचा हातभार किती?

वाहती हवा अडवली की तिच्या गतीचे दाबात रूपांतर होते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर दाब चौपट. समुद्रसपाटीला ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाने समोरची हवा पूर्ण अडवली, तर मिळणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या ४.२ टक्के भरतो. विमानातल्या दाबमापकावर तो पाऱ्याच्या सव्वा इंचाएवढा दिसेल. ताशी १५० किलोमीटरने विमान वर चढत असताना हाच लाभ एक टक्क्यावर येतो आणि धावपट्टीच्या टोकाला उभे असताना शून्यावर.

गंमत अशी, की वैमानिकाला पूर्ण ताकद हवी असते ती उड्डाणाच्या आणि चढणीच्या वेळी. वारा नेमका तेव्हाच मदतीला नसतो.

खरा चोर: उष्णता

इंजिनाची शक्ती आत शिरलेल्या हवेच्या वजनावर ठरते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच लिटरमध्ये तिचे वजन कमी भरते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि इंजिनावरच्या आवरणाखाली, म्हणजे काउलिंगच्या आत, ७० अंश आहे असे समजू. नळीचे तोंड आवरणाच्या आतच उघडे ठेवले, तर इंजिनाला मिळणाऱ्या हवेचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. थंड हवाही इंजिनात शिरताना थोडी तापतेच, म्हणून शक्तीतली घट त्याहून कमी असते. तरीही सात टक्क्यांच्या आसपास जातेच. चार टक्क्यांच्या वाऱ्यासाठी धडपडायचे आणि सात टक्के उष्णतेला द्यायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

रोटरीत हा धोका अधिक आहे. तिचा कप्पा लांबट आणि पसरट असल्यामुळे मिश्रण पूर्ण जळायला वेळ लागतो आणि पोर्ट उघडते तेव्हा धूर अजून फार गरम असतो. शिवाय आरएक्स-७ च्या १३बीमध्ये हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट इंजिनाच्या एकाच बाजूला आहे, एकीच्या खाली दुसरी. मोटारीचे मूळ अॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड, म्हणजे हवा वाटून देणारा नळ्यांचा जोड, तापलेल्या एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर नेणाऱ्या नळ्यांच्या, डोक्यावरच बसते.

यावर बांधणाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. हवेच्या नळ्या पोर्टपासून निघून इंजिनाच्या माथ्यावरून पलीकडच्या थंड बाजूला नेतात आणि थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणारी चकती, तिकडे बसवतात. नळ्या आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची ढाल, दोन्हींमध्ये हवा खेळती. एवढ्याने मोठा फरक पडतो.

उष्णतेची किंमत काही निर्मात्यांनी जाणूनबुजूनही मोजली. ब्रिटनच्या नॉर्टनने १९८० च्या दशकात काढलेल्या हवेने थंड होणाऱ्या रोटरी मोटरसायकलीत आत येणारी हवा आधी रोटरच्या पोटातून फिरवली जाई, रोटर थंड करी आणि मग कार्ब्युरेटरकडे जाई. रचना सोपी झाली, पण इंजिनाला तापलेली हवा मिळाली. माझदाने रोटर थंड करण्याचे काम तेलाकडे दिले.

भोक किती मोठे, कुठे आणि कसे?

मिनिटाला ७,८५० लिटर म्हणजे सेकंदाला १३१ लिटर. ताशी ३०० किलोमीटरच्या वाऱ्यातून एवढी हवा गोळा करायला साडेचार सेंटिमीटर व्यासाचे भोक पुरते. ताशी १५० किलोमीटरला मात्र ६.३ सेंटिमीटर व्यास लागतो. आणि विमान उभे असताना? तेव्हा सगळी हवा इंजिनालाच ओढून घ्यावी लागते. भोक पाच सेंटिमीटरचे असेल, तर त्यातून हवा ताशी २४० किलोमीटरने धावते. त्यात नळीची कड धारदार आणि पुढे आलेली असेल, तर हवा कडेवरून वळताना सुटते, आत भोवरे होतात आणि दोनेक टक्के दाब तिथेच संपतो. तीच कड जाड आणि गोलाकार केली, तर नुकसान नगण्य होते.

म्हणून ६ ते ६.५ सेंटिमीटर व्यास आणि गोल ओठ हा समंजस मध्य ठरतो. वेगात असताना जास्तीची हवा भोकापुढेच मंदावते आणि ओठावरून बाजूला वाहून जाते. हवा मंदावली की तिचा दाब आपोआप वाढतो, म्हणजे बरेचसे काम नळीच्या बाहेरच होते.

पुढचा टप्पा नळी हळूहळू रुंद करण्याचा. घाई केली तर प्रवाह भिंत सोडतो आणि गती दाबात बदलण्याऐवजी भोवऱ्यांत विरून जाते. दोन्ही भिंतींमधला एकूण कोन सातेक अंशांपर्यंत ठेवावा. साडेसहा सेंटिमीटरची नळी नऊ सेंटिमीटर करायची, तर वीस सेंटिमीटर लांबी लागते. काउलिंगच्या गर्दीत एवढी सरळ जागा मिळवणे हीच बांधणाऱ्याची खरी कसोटी असते.

जागा निवडताना आणखी एक अडथळा येतो. विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा घर्षणाने मंदावलेली असते. या थराला सीमास्तर म्हणतात. नाकापासून दोन मीटर मागे तो सुमारे तीन सेंटिमीटर जाड झालेला असतो. अशा जागी पृष्ठभागाला टेकवून ठेवलेल्या तोंडात ही मरगळलेली हवा शिरते. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचे हवेचे तोंड अंगापासून थोडे खाली सोडलेले दिसते, ते याचसाठी. ज्या विमानांचे इंजिन आणि पंखा मागे असतो, त्यांत हवा पोटाखालून किंवा बगलेतून घ्यावी लागते. तिथे ही फट विसरून चालत नाही.

अंगासपाट, त्रिकोणी खाचेसारखे दिसणारे ‘नाका’ तोंड अनेकांना आवडते. अमेरिकेच्या ‘नाका’ या विमानसंशोधन संस्थेने १९४० च्या दशकात त्याचा अभ्यास केला होता. ते हवेला फार अडवत नाही, म्हणून केबिनमध्ये वारा घ्यायला उत्तम. इंजिनासाठी मात्र पुढे आलेले तोंड अधिक दाब मिळवून देते.

पंखा पुढे असलेल्या विमानात तोंड अगदी पंख्याच्या बुंध्यामागे ठेवू नये. तिथले पाते जाडजूड आणि जवळजवळ गोल असते, ते हवा ढकलत नाही, फक्त ढवळते. थोडे बाहेरच्या बाजूला सरकले की पात्याचाही हातभार मिळतो.

नळीची लांबी आणि लोकलची गर्दी

आतापर्यंत आपण हवा संथ वाहते असे धरले. प्रत्यक्षात ती धक्क्याधक्क्यांनी जाते. रोटर पोर्ट उघडतो त्या क्षणी कप्प्यात थोडा जुना धूर उरलेला असतो. त्याचा दाब नळीतल्या हवेपेक्षा जास्त असल्यामुळे तो मागे उसळतो आणि नळीतून दाबाची एक लाट निघते. ती ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३४५ मीटरने धावते.

१३बीमध्ये दोन रोटर आहेत आणि ते दांड्याच्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने काम करतात. दुसऱ्या रोटरचे पोर्ट उघडताना निघालेली लाट त्याच्या नळीतून मागे येते, दोन्ही नळ्या जिथे मिळतात त्या पेटीतून वळते आणि पहिल्या रोटरच्या नळीत शिरते. पहिल्याचे पोर्ट मिटण्याच्या ऐन आधी ती पोचली, तर काय होईल? मुंबईच्या लोकलमध्ये गाडी हलता हलता मागून लोंढा येतो आणि दारातली माणसे आत ढकलली जातात, तसेच. लोंढा लवकर आला, तर आत गेलेल्यांपैकी काही परत बाहेर येतात. उशिरा आला, तर गाडी निघून गेलेली असते. वेळ साधली, तरच डब्यात चार माणसे जास्त मावतात. माझदाने १९८० च्या दशकात हीच युक्ती आपल्या मोटारींत वापरली.

ही वेळ साधणारी लांबी घरी काढता येते. दुसऱ्याचे पोर्ट उघडणे आणि पहिल्याचे मिटणे यांत दांड्याचे १०० अंश जातात असे समजू (पोर्टच्या आकारानुसार हा आकडा बदलतो). मिनिटाला ६,००० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिसेकंद आणि १०० अंशांना २.८ मिलिसेकंद. तेवढ्यात लाट सुमारे ९६ सेंटिमीटर जाते. म्हणजे एका पोर्टपासून दुसऱ्या पोर्टपर्यंतची वाट ९६ सेंटिमीटर हवी, प्रत्येक नळी पेटीसह ४८ सेंटिमीटरची. मिनिटाला ७,००० फेऱ्यांसाठी हीच वाट ८२ सेंटिमीटरवर येते. नळ्या इंजिनाच्या माथ्यावरून पलीकडे नेल्या, तर जवळपास एवढीच लांबी लागते. उष्णता टाळण्याच्या तोडग्यातच लाटेचेही काम होऊन जाते. फक्त मधली पेटी लहान ठेवावी लागते. ती फार मोठी असेल, तर लाट तिथेच पसरून विरते.

मोटार कधी रांगते, कधी धावते, म्हणून एकच लांबी तिला सगळीकडे उपयोगी पडत नाही. १९९१ ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मोटारीच्या चार रोटरांच्या इंजिनात हवेच्या नळ्या चालता चालता लांब-आखूड होत असत. विमान मात्र तासन् तास जवळपास एकाच फेऱ्यांवर उडते. त्यामुळे एक लांबी नीट निवडली की पुरते. यंत्र साधे राहते, आणि आकाशात साधेपणाला मोल असते.

विमान एकाच फेऱ्यांवर उडते म्हणूनच काही बांधणारे बाजूच्या भिंतीतली पोर्ट बुजवून रोटर फिरतो त्या परिघावर पोर्ट पाडतात. तिथून हवा सरळ आत जाते आणि वरच्या वेगाला ताकद वाढते. पण असे पोर्ट कधीच पूर्ण झाकले जात नाही, मंद वेगात धूर हवेत मिसळतो आणि इंजिन हिसके देते. मोटारीत हे त्रासदायक ठरते, विमानात पुष्कळसे खपते.

धूळ, बर्फ आणि सुटलेला नट

रोटरच्या टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे अपेक्स सील, १३बीमध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. दोन कप्प्यांमधला दाब त्यांनीच राखलेला असतो. धूळ त्यांना झिजवते आणि एखादा सुटा नट त्यांना तोडू शकतो. म्हणून गवताच्या किंवा मातीच्या धावपट्टीवरून उडायचे, तर फिल्टर हवाच. तो ऐसपैस असावा. ६०० चौरस सेंटिमीटरच्या फिल्टरमधून आपली १३१ लिटर हवा सेकंदाला जेमतेम दोन मीटर वेगाने जाते, त्यामुळे दाब फारसा घटत नाही. फिल्टरच्या पुढच्या वाटेत नट-बोल्ट टाळावेत, आणि टाळता आले नाहीत तर तारेने बांधून टाकावेत.

फिल्टर पावसाने, बर्फाने किंवा एखाद्या पक्ष्याच्या पिसांनी बंद झाला तर? त्यासाठी स्प्रिंगने मिटलेले एक पर्यायी दार ठेवतात. आतली ओढ वाढली की ते आपोआप उघडते आणि काउलिंगमधली गरम हवा घेते. ताकद थोडी कमी होते, पण इंजिन चालू राहते. कार्ब्युरेटर असेल, तर ही गरम हवा दुप्पट मोलाची. पेट्रोलची वाफ होताना आतले तापमान इतके उतरते, की दमट हवेत बाहेर वीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने हा धोका बराच कमी होतो. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला एक बारीक भोकही हवे.

दोन बारकावे सहज निसटतात. एक, अस्तर लावलेली लवचिक नळी. आतले अस्तर सुटले, की ओढीने ते मध्ये येते आणि वाट बंद करते; बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरा, मोटारीची थ्रॉटल. तिची स्प्रिंग थ्रॉटल मिटवणारी असते, कारण रस्त्यावर केबल तुटली तर गाडी थांबणे सुरक्षित. विमानात केबल तुटून थ्रॉटल मिटली, तर विमान खाली येईल. म्हणून तिथे स्प्रिंग उलटी, उघडणारी बसवतात.

मोजल्याशिवाय मानू नये

हे सारे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात काय मिळाले ते तपासायला महाग उपकरणे लागत नाहीत. जमिनीवर क्षणभर पूर्ण थ्रॉटल देऊन मॅनिफोल्डचा दाब पाहावा आणि इंजिन बंद असतानाच्या आकड्याशी ताडावा. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत गमावलेला दाब. पाऱ्याचा एक इंच गेला, तर सुमारे साडेतीन टक्के शक्ती गेली. थ्रॉटलपाशी आणि विमानाबाहेर एकेक तापमापक ठेवला, की उष्णतेची चोरी कळते. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचे एक टोक तोंडामागच्या पेटीला आणि दुसरे बाहेरच्या स्थिर दाबाला जोडले, तर वाऱ्याचा हातभार डोळ्यांना दिसतो. ताशी ३०० किलोमीटरला पूर्ण लाभ मिळत असेल, तर दोन्ही बाजूंच्या पाण्यात ४३ सेंटिमीटरचा फरक पडेल.

थोडक्यात

- १३बी रोटरी मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सुमारे ७,८५० लिटर हवा घेते, सहा लिटरच्या पिस्टन विमान-इंजिनाएवढीच.
- ताशी ३०० किलोमीटरला वाऱ्याचा लाभ जास्तीत जास्त ४ टक्के. उड्डाणाच्या सुरुवातीला शून्य.
- आवरणाखालची गरम हवा घेतली, तर नुकसान त्याहून मोठे.
- तोंडाचा ओठ गोल, नळीचे रुंदावणे सात अंशांच्या आत, तोंड सीमास्तराबाहेर.
- ६,००० फेऱ्यांसाठी पोर्ट ते पोर्ट वाट सुमारे ९६ सेंटिमीटर.
- मोठा फिल्टर, पर्यायी दार आणि उघडणारी थ्रॉटल-स्प्रिंग यांत तडजोड नाही.

विमान बांधणाऱ्याकडे वेळ आणि पैसा मोजकाच असतो. तो आधी उष्णतेच्या ढालीवर खर्च करावा, मग फिल्टरवर आणि पर्यायी दारावर, त्यानंतर नळ्यांच्या लांबीवर. वाऱ्याचे चार टक्के मिळवण्याची खटपट त्यातून काही उरले तरच करावी.